तिला नाटक पाहायचंय, मला समुद्रात उतरायचंय!

मागच्या अंकात विचारलं होतं की नवरा-बायको दोघांनीच फिरायला जायचं म्हटलं तर अडतं कुठं, अन् जी पत्रं आली त्यातल्या अर्ध्याहून जास्तीत एकच भांडण. एकाला मुंबई पाहिजे, दुसऱ्याला कोकणचा समुद्र. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यावरच. नावं मुद्दाम गाळलीत, फक्त मोहल्ले ठेवलेत, शेजाऱ्यांनी ओळखलं तर आमची जबाबदारी नाही.

प्रश्न (मनीषनगर): ताई नमस्कार. आम्ही दोघंही नोकरीवाले, जानेवारी-फेब्रुवारीत मिळून आठेक दिवसांची सुट्टी जमवून राहिलो. बायकोला मुंबईच पाहिजे, तिथं नाटकं बघायची, म्युझियम बघायचे, जुन्या बिल्डिंगा बघत पायी फिरायचं, तिनं लिस्टच करून ठेवली आहे. मला मालवणला स्कूबा करायचं आहे, पॅरासेलिंग करायचं आहे, लग्नाआधीपासून डोक्यात आहे ते. समुद्र आपल्याला कुठं भेटते, फुटाळा तलावावर बसून का समुद्राची हौस फिटते? चार दिवस तिचे चार दिवस माझे असं म्हटलं तर ती म्हणते तुझ्या चार दिवसांत मी किनाऱ्यावर बॅगा सांभाळत बसू काय. कसं जमवायचं, अन् नागपूरहून जायचं कसं तेही सांगा. बजेट मिडियम आहे.

उत्तर: भाऊ, ते चार तुझे चार माझे आधी कॅन्सल करा. तसं वाटून घेतलं की ज्याचे दिवस नसतात तो तोंड पाडून बसतो अन् दुसऱ्याचीही मजा जाते. अन् खरं सांगू का, वाटणी करायची गरजच नाही, मुंबईत तुम्हाला बोट अन् डोंगर मिळतो, अन् सिंधुदुर्गात वहिनींना अशी कला बघायला मिळते जी मुंबईच्या म्युझियममध्ये काचेआड असते. ते पुढं सांगते.

आधी कॅलेंडर काढा. मोबाइलमधलं नाही, भिंतीवरचं, तिथी लिहिलेलं. मुंबईतलं नाटक शनिवारी नाही जमलं तर रविवारी बघता येतं, समुद्राचं तसं नाही, त्याचं टाइमटेबल ठरलेलं. तर प्लॅनमध्ये पहिल्यांदा मालवणचे दिवस पक्के करा, शहर त्याच्या आगंमागं बसवा. कोकणातल्या लोकांचा एक जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं म्हणजे ठोकळमानानं भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळी सहा अन् संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, म्हणजे ओहोटी भर दुपारी बारा-साडेबाराला. पौर्णिमा-अमावस्येला पाणी जोरात चढतं उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाण्याची ओढ कमी असते, त्याला भांग म्हणतात. ओढ कमी तर तळातली वाळू कमी उडते, पाण्याखाली जरा स्पष्ट दिसतं. म्हणून तुमचे समुद्राचे दिवस शुद्ध किंवा वद्य सप्तमी ते दशमीत आणता आले तर बघा. जानेवारी-फेब्रुवारीत असे दोन-चार चान्स मिळतातच.

आता आठवड्याचे वार. हे बघून ठरवलं नाही तर फसाल. मुंबईत सोमवारी एलिफंटा बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क बंद, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट बंद, पृथ्वी थिएटरलाही सोमवारी सुट्टी. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम बुधवारी बंद. अन् मालवणला शनिवार-रविवारी कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या गाड्यांची ही रांग, स्कूबाच्या बोटीत बसायला तासतासभर थांबा, रूमचे रेट वर. म्हणजे हिशोब सरळ आहे, वीकएंड मुंबईला, मधले वार मालवणला. नाटकाचे प्रयोगही वीकएंडलाच जास्त असतात, वहिनी खूश.

तर गुरुवारी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडा, शुक्रवारी सकाळी मुंबई. दुरांतोही आहे रात्रीची, पण मी विदर्भ म्हणते कारण ती दादरला थांबते अन् तुम्ही दादरलाच उतरा, दादरलाच राहा. कुलाब्याला राहायची लोकांना फार हौस असते, रूम इतकुशी अन् भाडं तेवढं. दादर सेंट्रल-वेस्टर्न दोन्ही लाइनवर, शिवाजी मंदिर पायी अंतरावर, माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर अन् प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर टॅक्सीनं जवळ, अन् कोकणची गाडीही तिथूनच. शिवाय आता भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, ऑक्टोबर २०२५ पासून, दादरहून बसलं की हुतात्मा चौकात उतरायचं, लोकलच्या गर्दीत पहिल्याच दिवशी चेंगरायचं काम नाही.

शुक्रवारचा दिवस फोर्टमध्येच घालवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, १९०५ साली पायाभरणी झाली, मधे पहिल्या महायुद्धात तिथं हॉस्पिटल चाललं अन् लोकांसाठी म्युझियम उघडलं ते १९२२ मध्ये. सगळं बघायचा हट्ट करू नका, नागपूरच्या अजब बंगला म्युझियमसारखं दोन तासांत आटपणारं नाहीये ते. शिल्पं, लघुचित्रं अन् शस्त्रांचं दालन, एवढं बघून बाहेर या. लगेच शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी, तिथं तिकीट नाही. तुमच्या तारखा जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या असल्या तर काळा घोडा फेस्टिव्हल सापडेल, नऊ दिवस चालतो, १९९९ पासून, बहुतेक कार्यक्रम फुकट. गर्दी मात्र अशी की दसऱ्याला आपल्या दीक्षाभूमीच्या रस्त्यावरून चालायची सवय असेल तरच वीकएंडला जा, नाहीतर शुक्रवारी दुपारीच उरका.

उन्हं उतरली की ओव्हल मैदान. इथं वहिनींना मैदानाच्या मध्ये उभं करा अन् म्हणा दोन्हीकडं बघ. एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, सगळं दगडी, टोकदार, १८७० च्या दशकातलं. समोरच्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या, फिक्या रंगांच्या आर्ट डेको बिल्डिंगा, १९३० च्या दशकातल्या. मधे फक्त क्रिकेट खेळणारी पोरं. हे दोन्ही मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. टॉवर बांधायला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी अन् नाव दिलं आईचं, राजाबाई. अन् ते हायकोर्ट म्हणजे आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठाचं मुख्य घर, नागपूरच्या माणसानं त्याला एक नमस्कार करायला हरकत नाही. तिथून चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह दहा मिनिटं चालत.

शनिवार सकाळ तुमची. गेटवेवरून एलिफंट्याची बोट, साधारण तासभर लागतो, वरच्या डेकवर बसा, सीगल मागं लागतात. धक्क्यावरून वर जायला शे-सव्वाशे पायऱ्या, अन् वर ती त्रिमूर्ती, सहाव्या शतकातली, जवळपास वीस फूट उंच. बोट तुमची, लेणी वहिनींची, भांडणाला जागाच नाही. माकडांपासून खायचं लपवा. दोनपर्यंत परत या, झोप काढा अन् रात्री दादरला नाटक. शिवाजी मंदिर १९६५ पासून मराठी नाटकाचं घर आहे, मध्यंतरात तिथला बटाटेवडा खाणं हाही नाटकाचाच भाग समजतात. तिकीट नागपूरहूनच ऑनलाइन काढून ठेवा.

रविवारी जरा जपून, सेंट्रल अन् हार्बर लाइनवर मेगाब्लॉक असतो, सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान गाड्यांचा काही भरवसा नाही. म्हणून रविवारी वेस्टर्न लाइन धरा. सकाळी लवकर बोरिवली, नॅशनल पार्कमधून कान्हेरीची लेणी, शंभराच्या वर आहेत, एका अखंड डोंगरात, पाण्याची टाकी अन् बसायला दगडी बाक सगळं कोरलेलं. चढून चढून पाय भरून येतील तुमचे. परत येताना जमलं तर जुहूला पृथ्वी थिएटर, १९७८ चं, जेमतेम दोनशे खुर्च्या, नट हात लावायच्या अंतरावर. तिथं उशिरा पोचलं की आत सोडत नाहीत, कितीही गयावया करा. दोन्ही एकाच दिवसात झेपेल असं वाटत नसेल तर एक सोडा, मी तर कान्हेरी ठेवीन, कारण नाटक शनिवारी झालेलं आहे. अन् बॅगा? हॉटेल सकाळी सोडलं तर दादर स्टेशनच्या क्लोकरूमवर, पण तिथं कुलूप लावलेलीच बॅग घेतात अन् रेल्वेचं तिकीट मागतात, दोन छोटी कुलपं घरून आणा.

रविवारी रात्री तुतारी एक्सप्रेस. आता इथं नीट वाचा, कारण दरवर्षी कुणीतरी फसतंच. तुतारी दादरहून सुटते रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे तुम्ही स्टेशनवर जाणार रविवारी रात्री, तिकीट मात्र काढायचं सोमवारच्या तारखेचं. रविवारच्या तारखेचं काढलं तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. घड्याळाचं हे त्रांगडं नको असेल तर सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास कोकणकन्या आहे. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं अन् कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात, त्या दिवशी सकाळी आठला लॅपटॉप उघडून बसा.

सोमवारी सकाळी कुडाळ. मालवण तिथून तीसेक किलोमीटर, एसटी आहे, रिक्षा आहे, होमस्टेवाल्याला सांगितलं तर तोही गाडी पाठवतो. राहायला मालवण गावात नको, तारकर्ली किंवा देवबागला राहा. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र अन् मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. सोमवारी काही करू नका. खरंच काही करू नका, तीन दिवस पायपीट झालेली असते. फक्त एक, बऱ्याच मालवणी घरांत सोमवारी मासे करत नाहीत, होमस्टेत जेवायचं असेल तर आधी विचारा, नाहीतर सुरमईची स्वप्नं बघत ताटावर बसाल अन् पुढ्यात येईल डाळ.

मंगळवारी सकाळी स्कूबा, अन् सकाळीच. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, पाणी हलतं, बोटीत पोट ढवळतं. आठ-साडेआठला धक्क्यावर पोचा, पोटात थोडंसं काहीतरी असू द्या, तर्री-पोहे नकोत. स्कूबा होतं ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत, हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं प्रवाळ आहे, पाय ठेवू नका, तोडू नका. त्याच सकाळी किल्लाही होतो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी पाया घातला, बेट जवळपास ४८ एकराचं, आत शिवराजेश्वराचं मंदिर अन् चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. बोटवाला आत तासभर देतो, त्यात वहिनींचं मन नाही भरणार, तर आधीच बोलून घ्या की आम्ही पुढच्या बोटीनं येऊ.

बुधवारी देवबागचा संगम. तिथं खाडीच्या तोंडाशी एक वाळूचा दांडा आहे, सगळे त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, भरतीला पाण्याखाली जातो अन् ओहोटीला वर येतो. आता कळलं अष्टमीचं काय काम ते? तेव्हा दुपारी ओहोटी, दांडा उघडा, जेट स्की, बंपर राइड सगळं आरामात. पॅरासेलिंगला वारा बघून सोडतात, नाही म्हटलं तर वाद घालू नका. अन् वहिनींना इंजिनचा आवाज नको असेल तर कर्लीच्या खाडीत कयाक घ्या, दोघांची असते, वल्हवायचं दोघांनी, पुढच्यानं लय धरायची मागच्यानं दिशा सांभाळायची, कोण कुठं बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

गुरुवारी निघताना कुडाळजवळ पिंगुळी. ही जागा लोक चुकवतात अन् मला फार वाईट वाटतं. ठाकर समाजाची चित्रकथी तिथं अजून जिवंत आहे, चित्रांची पोथी समोर धरून एकेक पान उलटत गोष्ट गाऊन सांगतात, शिवाय कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. घरातच म्युझियम आहे. तुमच्या तारखांना आसपास कुठं जत्रा असेल तर रात्री दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, तेही बघायला मिळेल, होमस्टेवाल्या काकूंना विचारा, त्यांना सगळ्या जत्रा पाठ असतात. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेच्या तारखा टाळा. ती फेब्रुवारी-मार्चकडं येते, तारीख दरवर्षी देवस्थान ठरवतं, अन् त्या दिवसांत ना रेल्वेत सीट मिळत ना मालवणात रूम.

परतीला मडगाव-नागपूर स्पेशल बघा, आठवड्यातून दोनदा असते, कुडाळला थांबते, थेट घरी, पण चोवीस तासांहून जास्त वेळ घेते. ती नाहीच जमली तर मुंबईमार्गे. किंवा गोव्याहून विमान, ते घेणार असाल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न (वर्धमाननगर): मला पोहता येत नाही, चष्मा आहे, नंबर मोठा. मिस्टर म्हणतात स्कूबाला पोहणं लागतच नाही, मला फसवून राहिले का? अन् त्यांना स्वतःला भरघोस मिशी आहे, ती आधी सांगते.

उत्तर: नाही हो, यावेळी खरं बोलून राहिले. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी जो स्कूबा असतो त्यात ट्रेनर तुमची टाकी धरून सोबत असतो, पोहायचं काम तोच करतो, तुम्ही तोंडानं श्वास घ्यायचा एवढंच. अवघड जातं ते तेच, तोंडानं. नाक मास्कमध्ये बंद असतं अन् पहिली दोन मिनिटं माणूस घाबरतो. बोटीजवळच त्याची प्रॅक्टिस घेतात, तिथं जमेपर्यंत खाली जाऊ नका, मागं दुसरे थांबलेत म्हणून घाई करू नका, पैसे तुमचे आहेत.

कान ही दुसरी गोष्ट. दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, तुम्ही एवढं खाली नाही जाणार पण दोन-तीन मीटरलाच कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची, दुखायच्या आधी, सारखी सारखी. दुखायला लागल्यावर करून उपयोग नाही, थोडं वर या अन् मग करा. म्हणूनच सर्दी असेल तर स्कूबा नाही. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, प्रेग्नन्सी, यातलं काहीही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. तिथं बरेच लोक सगळीकडं नाही-नाही टिक मारून मोकळे होतात, तसं नको.

चष्मा मास्कच्या आत बसत नाही, काडी बाहेर येते अन् तिथून पाणी शिरतं. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पाण्यात मास्क निघाला तर डोळे मिटायचे. लेन्स नसतील तर काही ठिकाणी नंबरचे मास्क असतात, फोनवर आधी विचारा. मिस्टरांच्या मिशीचंही तेच, मास्क कातडीला चिकटायला हवा, मिशीतून थेंब थेंब पाणी येत राहतं. नाकाखालचा पट्टा जरा काढला किंवा व्हॅसलीन लावलं तर निभावतं. निर्णय त्यांच्यावर सोडा, तुम्ही फक्त ही ओळ वाचायला द्या.

खाली बोलता येत नाही, खुणा असतात. अंगठा वर म्हणजे मस्त असं नाही, अंगठा वर म्हणजे मला वर न्या! मस्त सांगायचं तर अंगठा अन् पहिलं बोट जोडून गोल. फोटोसाठी अंगठा दाखवला अन् ट्रेनरनं सरळ वर आणलं असं खूप जणांचं होतं.

अन् विमान. एकदाच स्कूबा केला तरी त्यानंतर किमान बारा तास विमानात बसायचं नसतं, जास्त वेळा केला तर अठरा तास. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. म्हणजे स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवायचाच नाही.

बुकिंग करताना भाव करण्याआधी विचारा की पाण्यात एका ट्रेनरमागं किती माणसं, ट्रेनरचं सर्टिफिकेट कुठलं, बोटीला मेरीटाइम बोर्डाचं लायसन्स आहे का अन् लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का. एका माणसामागं एक ट्रेनर, याच्या खाली ऐकू नका. तारकर्लीला एमटीडीसीची स्वतःची स्कूबाची संस्था आहे, तिथं स्विमिंग पूल आहे, भीती फार असेल तर तिथून सुरुवात करा.

प्रश्न (हिंगणा रोड): आम्हाला सुट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यातच मिळते. पाऊस सुरू व्हायच्या आधी उरकून घेता येईल का?

उत्तर: नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स, किल्ल्याची बोट, सगळं बंद असतं, तो मेरीटाइम बोर्डाचा नियम आहे. मेचे शेवटचे दिवसही मी टाळीन, कारण पावसाआधीच समुद्र खवळायला लागतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परत येणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली अन् दोन पर्यटकांचा जीव गेला. कुणी "चला ना दादा, गुपचूप नेतो" म्हटलं तर बोटीतच बसू नका. जूनमध्ये आंबोलीला जा, धबधबे बघा, अन् मुंबईत नाटकं बारा महिने असतात.

प्रश्न (खामला): आमची नवी गाडी आहे. समृद्धीनं मुंबई अन् मग कोकण, गाडीनंच केलं तर?

उत्तर: समृद्धी झकास आहे, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून भिवंडीजवळ आमण्यापर्यंत पूर्ण. टायर अन् हवा तपासून निघा, दोन-दोन तासांनी थांबा, सरळ रस्त्यावर डोळे उघडे ठेवून झोप लागते. पण पुढं मुंबईत गाडीचं काय करणार? पार्किंग शोधण्यात नवरा-बायकोचं जेवढं वाजतं तेवढं दुसऱ्या कशात वाजत नाही. गाडी न्यायचीच तर मुंबईत तीन दिवस हॉटेलच्या आवारात उभी राहू द्या, राहायचं बुक करताना पार्किंग आधी विचारा, अन् मालवणला जाताना बाहेर काढा. मुंबई-गोवा हायवेवर रात्री निघू नका.

प्रश्न (इतवारी): आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी. मालवणला उपाशी मरू काय?

उत्तर: बाप्पा, तुम्हीच तर मजेत राहाल! काळ्या वाटाण्याची उसळ अन् आंबोळी खाल्ली नाही तोवर मालवणी जेवणाबद्दल बोलू नये. घावणे-चटणी, फणसाची भाजी, शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया गोड नारळाच्या दुधात, अन् सोलकढी. तिखट खाणाऱ्या नागपूरकराला सुरुवातीला सगळं जरा गोडुस लागेल, नारळामुळं. सावजीची तहान भागणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. होमस्टेवाल्यांना एक दिवस आधी सांगा, अन् भांडी वेगळी पाहिजेत असतील तर तेही न लाजता स्पष्ट बोला, तिथं मासे अन् भाजी एकाच चुलीवर होतात. मुंबईत तर काळजीच नाही, दादरला आस्वादमध्ये मिसळ अन् थालीपीठ, फक्त रविवारी सकाळी रांग असते.

प्रश्न (रामदासपेठ): आम्ही रिटायर्ड, ह्यांना बीपीची गोळी, माझे गुडघे. मुलं म्हणतात आता कशाला समुद्रात, घरी बसा. आम्हाला जायचं आहे.

उत्तर: काकू, जा. पॅरासेलिंग अन् स्कूबा काकांना नको, निदान डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय तरी नको. किल्ल्याच्या बोटीत चढता-उतरताना बोट हलते, तिथं गुडघ्यांची परीक्षा असते, ओळखीचा बोटवाला हात धरून उतरवतो तरीही विचार करा. त्यापेक्षा कर्लीच्या खाडीतली सकाळची बोट घ्या, सपाट पाणी, काठानं माड, बगळे, अन् धक्काही सोयीचा. धामापूरचा तलाव बघा, शेकडो वर्षांपूर्वी बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला.

तुमचं खरं साहस मी रेल्वेत ठेवीन. रात्रीची गाडी नको, दिवसाची मांडवी एक्सप्रेस घ्या, सकाळी सीएसएमटीहून निघते, खिडकीशी बसा. रत्नागिरीच्या अलीकडं करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा अन् नंतर पानवलचा पूल, ६४ मीटर उंच. अन् गाडीतलं खाणं चांगलं म्हणून ती गाडी नावाजलेली आहे, काकांना बीपी आहे तर वडे मोजून. मुंबईत एलिफंट्याला पायऱ्यांवर डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. नाटकाचं तिकीट खालच्या मजल्यावरचं, कडेच्या खुर्चीचं.

प्रश्न (प्रतापनगर): माझ्या नवऱ्याला म्युझियममध्ये शिरल्या शिरल्या जांभया येतात. त्याला घेऊन जाऊ की हॉटेलवर सोडू?

उत्तर: घेऊन जा, पण तुमच्या स्पीडनं नका चालवू. आत शिरल्यावर सरळ शस्त्रांच्या दालनात नेऊन सोडा, अकबराचं चिलखत अन् ढाल आहे तिथं, तलवारी आहेत, अर्धा तास तरी तो हलत नाही. तेवढ्यात तुम्ही लघुचित्रं बघून घ्या. नाटकाला नेताना पहिलंच गंभीर नको, विनोदी बघा, अन् दुपारी त्याला झोपू द्या. मालवणला उलटं होईल, तो सकाळी सहाला उठून तुम्हाला हलवायला लागेल, तेव्हा तुम्हीही म्हणा की मला बोटीत शेवटची अर्धी फेरीच पुरे, मी किनाऱ्यावर चहा पिते. अन् दोघांचे मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घाला, ते पाऊच सीताबर्डीवर घ्या, मालवणच्या धक्क्यावर भाव जास्त सांगतात.